दुसऱ्या सीझनमधली शेजारीण

मालिकेचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की लोक लगेच भांडायला येतात, आणि त्या मालिकेवरून माझं आयुष्यात पुरेसं भांडून झालं आहे. परदेशातली आहे, थंड मुलखातली. तीन सीझन आणि प्रत्येक सीझनमध्ये एक खून, एवढं पुरे. तिच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे आणि त्यात मी दोन वर्षं तावातावाने लिहीत होते. ग्रुपचं मत पक्कं होतं: पहिला सीझन सर्वोत्तम, दुसरा बरा, तिसरा काढलाच कशाला. सगळ्यात वाईट पात्र कोण, यावर एकदा मतदान झालं. त्यात दुसऱ्या सीझनमधली शेजारीण भरघोस मतांनी निवडून आली. प्रत्यक्ष खुनी तिच्या बराच मागे राहिला. माझंही मत तिलाच होतं.

ग्रुपमधल्या चार हजार माणसांपेक्षा ही मालिका जिला जास्त कळली, ती बाई नांदे गावात माझ्या खोलीच्या खाली राहते. लीलाबाई त्यांचं नाव. वय सहासष्ट, शिक्षण सातवी. दोन मजली इमारत त्यांचीच. खाली त्या, वर आम्ही भाडेकरू. मी मूळची परभणीची. हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. शिफ्ट दुपारी दोनला लागते, त्यामुळे सकाळ मोकळी. त्या मोकळ्या सकाळी लोक व्यायाम करतात, मी खून बघते.

एके दिवशी नऊच्या सुमाराला लीलाबाई जिना चढून दारात आल्या. “सकाळी सकाळी कुणाला मारत्यात तुझ्या खोलीत?” मी आवाज कमी केला, पण त्या गेल्या नाहीत. पडद्यावर तळ्याच्या काठाला एक मृतदेह पडला होता आणि गणवेशातली माणसं इकडेतिकडे फिरत होती. हिंदी आवाज भरलेली मालिका, त्यामुळे त्यांना कळायला अडचण नव्हती. पदराला हात पुसत त्या उभ्याच राहिल्या. भाग संपल्यावर म्हणाल्या, “सगळं ठीक हाय. पंच कुटं हायेत?”

मला पंच म्हणजे क्रिकेटमधले आठवले. मग त्यांनी खाली बसून मला समजावलं. माणूस अपघाताने किंवा संशयाने गेला की पोलीस पंचनामा करतात, आणि त्याला गावातली दोन माणसं पंच म्हणून लागतात. त्यांनी डोळ्यांनी बघायचं, जे बघितलं तेच कागदावर लिहिलंय ना याची खात्री करायची आणि खाली सही करायची. मेलेली बाई असली की पंचात एक तरी बाई असावी असं बघतात. गावातल्या बायका अशा वेळी कवाडं लावून घ्यायच्या. लीलाबाईंना सही येत होती आणि त्या घाबरत नव्हत्या. पोलीस पाटील एकदा त्यांना घेऊन गेला, आणि मग ते कामच त्यांच्या गळ्यात पडलं. वीस वर्षांत नऊ बायका त्यांनी अशा पाहिल्या. कुणी विहिरीतली, एक कासारसाईच्या धरणातली, एक जळालेली. हे सगळं त्या भाजीचा भाव सांगावा तशा सांगत होत्या आणि माझा चहा गार झाला होता.

त्या दिवसापासून त्या रोज सकाळी येऊ लागल्या. येताना कधी शेंगदाण्याची चटणी, कधी नुसतंच तोंड. टीव्ही बघायची त्यांची पद्धत मला आधी हास्यास्पद वाटली. खुनी कोण, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. घरचाच असतो, म्हणायच्या, आणि तिन्ही वेळा त्यांचंच खरं निघालं. त्या बघायच्या एकच गोष्ट: मड्याजवळ कोण बसलं. पोलीस येईपर्यंत, गाडी येईपर्यंत त्या प्रत्येक वेळी स्वतः शेजारी बसून राहिल्या होत्या. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. एकटं ठेवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

या हिशेबाने पहिला सीझन, ज्याच्यासाठी ग्रुपमधली माणसं जीव टाकतात, तो त्यांनी साफ नापास केला. पोरीला थंडीत टाकून सगळे फोनवर बोलत फिरतात, ही कसली मालिका. नावाजलेल्या नायिकेला, म्हणजे त्या तपास अधिकारी बाईला, त्यांनी ‘विंचरत न्हाई ती’ असं नाव ठेवलं होतं. ती हुशार आहे हे मान्य, पण मेलेल्या माणसाकडे ती कोडं सोडवायला बसल्यासारखी बघते, हे त्यांना खटकायचं. तिसरा सीझन मात्र त्यांना आवडला. त्यात एक म्हातारा शिपाई आहे, ज्याला अख्ख्या सीझनमध्ये चार वाक्यं आहेत. तो बर्फात देहापाशी उभा राहतो, आणि गाडी यायला उशीर झाला तरी हलत नाही. लीलाबाईंच्या मते सगळ्यात चांगलं पात्र तो. मी हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा लोकांनी विचारलं, कोण शिपाई?

आमची भांडणं रंगायची. पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला आठ महिने लागले: लीलाबाई भांडत होत्या त्या फक्त माझ्याशी, कारण दुसरं कुणी त्यांच्याशी बोलतच नव्हतं. त्यांचा मुलगा शंभू त्याच गल्लीच्या टोकाला राहायचा, चालत दोन मिनिटांवर. सणाला त्याच्याकडून पुरणपोळीचं ताट यायचं, पण ते ड्रायव्हर आणून द्यायचा. ताट यायचं, माणूस यायचं नाही. नात किमया स्कूटीवरून जाताना हॉर्न वाजवायची आणि लीलाबाई हातातलं काम टाकून ओट्यावर यायच्या, तोवर ती पुढे गेलेली असायची. मीही एकटी राहते, त्यामुळे एकटेपण मला कळतं अशी माझी समजूत होती. पण माझं एकटेपण भाड्याच्या खोलीतलं. महिनाभर आधी सांगून सोडता येतं. त्यांचं एकटेपण स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांच्या मधोमध होतं.

चैत्रात एका सकाळी शंभू आला. मी खाली त्यांच्या स्वयंपाकघरात चहा करत होते. पन्नाशीचा, अंगाने भरलेला माणूस. आईच्या घरात बसताना खुर्चीच्या कडेवर बसला. किमयाचं लग्न ठरलं होतं. त्याने खिशातून पत्रिकेचा नमुना काढून आईसमोर ठेवला. सगळ्यात वर छापलं होतं: कै. नरहरी व श्रीमती लीलाबाई यांची नात. लीलाबाईंनी ते बोटाने वाचलं, मग पुन्हा वाचलं.

“भावकीचं म्हणणं एवढंच हाय,” शंभू म्हणाला. “मांडवाच्या दिवशी सगळी जमत्यात. तवा चौघांत म्हणायचं, माझी त्या टायमाला चूक झाली. दोन शब्दांचं काम हाय.”

“आन न्हाई म्हणले तर?”

“तर पत्रिका दुसरी छापावी लागंल.”

तो हे दमदाटीने म्हणाला नाही. चहा एका घोटात संपवून, जमिनीकडे बघत म्हणाला. उठताना पुटपुटला, किमया सारखी विचारत असते तुला. तो गेल्यावर लीलाबाईंनी पत्रिका डब्याखाली सपाट करून ठेवली आणि मला म्हणाल्या, वर चल, दुसरा सीझन लाव.

दुसऱ्या सीझनची गोष्ट थोडक्यात अशी. एक तरुण बायको मरते. नवऱ्याने तिला ओढत नेताना शेजारणीने खिडकीतून पाहिलेलं असतं, आणि ती पोलिसांना तसं सांगते. पण कोर्टात उभी राहिल्यावर म्हणते, अंधार होता, मला काही दिसलं नाही. नवरा सुटतो. शेवटच्या प्रसंगात आपली न विंचरणारी नायिका हरून एकटी रस्त्याने चालत जाते आणि सीझन संपतो. तो प्रसंग मी पाच वेळा पाहिला होता. त्या दिवशी लीलाबाईंनी तो थांबवायला लावला. नायिकेच्या मागे, लांब, एका खिडकीत दिवा होता. ते शेजारणीचं घर होतं हे मला कधी कळलंच नव्हतं.

“मोज,” त्या म्हणाल्या. मी मोजलं. टेबलाभोवती चार माणसं जेवत होती.

“ही शानी एकटी चाललीय. आन त्या शेजारनीच्या घरात चौघं जेवत्यात,” लीलाबाई म्हणाल्या. “त्या बाईला वाईट म्हणू नगंस.”

मला राग आला. मला अशा वेळी लवकर राग येतो. ग्रुपवर लिहिलेलं सगळं मी त्यांना ऐकवलं: तिने तोंड उघडलं असतं तर खुनी सुटला नसता, मेलेल्या मुलीला न्याय मिळाला असता, भित्री माणसं खुन्यापेक्षा वाईट. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मी न्हाई सुटू दिला.” मग त्यांनी जे सांगितलं ते मी आयुष्यात कुठल्याही सीझनमध्ये ऐकलेलं नाही.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या चुलत दिराचा मुलगा कैलास. त्याची बायको विहिरीत सापडली. घरच्यांनी सांगितलं, पाय घसरला. पोलीस पाटलाने नेहमीसारखं लीलाबाईंना बोलावलं, तेव्हा भावकीला हायसं वाटलं, कारण पंच घरचीच बाई होती. देह वर काढल्यावर लीलाबाईंनी गळ्यावर बोटांचे वण पाहिले. लिहिणाऱ्याने ते लिहिले नव्हते. ते लिहिल्याशिवाय सही करणार नाही म्हणून त्या विहिरीच्या काठाला अडून बसल्या आणि लिहायला लावलं. पुढे कोर्टाची तारीख आली तेव्हा सगळे घरी येऊन बसले, शंभूसुद्धा. तुला काही वेगळं बोलायचं नाही, त्यांनी समजावलं. कागदात काय होतं माहीत नाही, पोलिसांनी सांगितलं तिथं सही केली, एवढंच म्हण. पंच बहुतेक वेळा असंच म्हणतात. त्याला पंच फितूर झाला असं म्हणतात, आणि गावात त्याचं कुणाला फार वाटत नाही. लीलाबाईंनी कोर्टात जे बघितलं ते सांगितलं. खून नव्हे, सदोष मनुष्यवध ठरला; कैलासला सात वर्षांची शिक्षा झाली.

शंभू आणि कैलास एकाच अंगणात वाढलेले, सख्ख्या भावांसारखे. शंभूने त्याच वर्षी गल्लीच्या टोकाला घर बांधलं आणि आईला न घेता राहायला गेला. हळदी-कुंकवाची बोलावणी विधवेला तशीही नसतात, पण आता बारशाची, जावळाची, मयताचीसुद्धा बंद झाली. कैलास शिक्षा भोगून परत आला, त्याने दुसरं लग्न केलं आणि पुन्हा पंगतीत बसू लागला. त्याची शिक्षा संपली. लीलाबाईंची संपल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

मी म्हटलं, पण काकू, तुम्ही बरोबर वागलात.

“व्हय. वागले की,” त्या म्हणाल्या. “मग?”



मांडवाच्या आधी चार दिवस त्या वर आल्या आणि मला पलंगावर बसायला सांगितलं. मी भावकी व्हायचं, त्या उभ्या राहून बोलून बघणार. खरं सांगते, माझी अपेक्षा होती की त्यांना ते बोलता येणार नाही. शब्द घशात अडकतील, डोळे भरतील, आणि त्या म्हणतील, न्हाई जमायचं. पडद्यावर असंच होतं. लीलाबाईंनी पदर नीट केला आणि सरळ आवाजात म्हणाल्या, “माझी त्या टायमाला चूक झाली.” पहिल्याच खेपेला, न अडखळता. मग विचारलं, ऐकू जाईल का इतक्या मोठ्याने?

माझा चेहरा उतरलेला त्यांना दिसला असावा. मला तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण मी विचारलं, तुम्ही असं म्हणालात, तर मग तिचं काय?

“तिचं काय व्हायचं ऱ्हायलंय?” त्या म्हणाल्या. “माझं ऱ्हायलंय.”

पुढचे तीन दिवस त्या वर आल्या नाहीत. मी टीव्ही लावायचे आणि बंद करायचे. एकटीने बघताना कळायला लागलं की मी मालिका बघतच नव्हते, त्या काय म्हणतील ते ऐकायला बसत होते. ग्रुपवर मी शेजारणीच्या बाजूने मोठं लिहिलं, तिच्या खिडकीतल्या चार माणसांसकट. कुणीतरी विचारलं की तुझं अकाउंट हॅक झालंय का. मी ग्रुप सोडला. कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

मांडवाच्या दिवशी सकाळी त्यांनी जिन्याखालून हाक मारली. कपाटातलं, घडीही न मोडलेलं जांभळ्या काठाचं पातळ नेसल्या होत्या. पदर मागून बरोबर आहे का ते बघायला सांगितलं. पिन एका बाजूला गेली होती, ती मी नीट केली. त्या गल्लीने चालत गेल्या, एकदाही न थांबता, आणि त्या दोन मिनिटांच्या रस्त्यावर मला त्या फार लहान दिसल्या. मी मनात म्हटलं, म्हणू दे त्यांना. पंगतीत बसू दे. मी घरूनच काम घेतलं होतं. दिवसभर लाउडस्पीकरवर हळदीची गाणी येत राहिली.

त्या चार वाजता परत आल्या. मी मिटिंग अर्धी सोडून खाली धावले. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या, दंडाला हळद लागलेली. मी पाणी दिलं, ते त्या सगळं प्यायल्या. मी विचारलं, म्हणालात?

“मला कुणी इचारलंच न्हाई.”

मग हळूहळू सांगितलं. सगळ्यांनी नीट केलं. किमयाने गळ्यात हात टाकले. कैलास पाया पडला, त्यानेच पानात जिलेबी वाढली, आणखी घ्या म्हणाला. त्या वाट बघत राहिल्या, आता कुणी विषय काढेल, मग काढेल. जेवणं झाली, पानं लावून झाली. शेवटी त्यांनी स्वतःच भावकीतल्या वडीलधाऱ्या दादासाहेबांना म्हटलं, मला त्या वेळचं बोलायचंय. दादासाहेबांना वाटलं रस्त्याच्या जागेचं काहीतरी. ते म्हणाले, मोजणी झाली की बोलू. नाही, लीलाबाई म्हणाल्या, ती गेली तेव्हाचं. तर घरातली नवी सून शेजारी उभी होती, तिने विचारलं, कोण गेली?

“दादासाहेब म्हणले, ऱ्हाऊ द्या वयनी, ते कवाच मिटलं,” लीलाबाई म्हणाल्या. “मी शंभूकडं बगितलं. म्हणलं, तूच सांगितलं व्हतंस. तर म्हणतो, आगं, म्हणलं व्हतं कुणीतरी. चल, फोटो काढायचाय.”

फोटो काढला. त्या किमयाच्या उजव्या हाताला उभ्या राहिल्या. सगळं त्यांना हवं होतं तसं झालं होतं, आणि त्या पायरीवर बसून होत्या.

“बारा वर्षं मला वाटायचं, राग हाय म्हणून बोलवत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “राग कुटला गं. न बोलवायची नुसती सवय झाल्याली.”

इतके दिवस मी न्याय, साक्ष, भित्री माणसं यांवर इतकं बोलले होते, आणि एक साधी गोष्ट विचारायची माझ्याही डोक्यात आली नव्हती. ती मी आता विचारली. तिचं नाव काय होतं?

लीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पाठ ताठ केली, कोर्टात केली असेल तशी.

“कल्पना. म्हायेर घोटवड्याचं. वय तेवीस. डाव्या हातात हिरव्या बांगड्या सा, उजव्यात एक बी न्हाई.” त्यांनी दंडावरची हळद हाताने पुसली. “आज सकाळी हेच पुसाया निघाले व्हते मी. पन त्यांनी आदीच पुसलं व्हतं. आता मी गेले का तिचं नाव घेनारं कुनी न्हाई.”

मी म्हटलं, मी आहे ना, काकू.

“तू भाडेकरू. उद्या जाशील,” त्या म्हणाल्या. नंतर बाजूला सरकून पायरीवर मला जागा केली. “तरी आईक.”